मावशीचे गुडघे आणि प्रपोजल फॉर्ममधला एक रकाना

2021 मधली एक दुपार. मिरजेच्या घरात पोळपाट-लाटणं बाजूला सारून मावशीनं आरोग्य विम्याचा प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्यासाठीचा अर्ज, पुढ्यात घेतला होता. वय 56, उंची पाच फूट एक इंच, वजन 74 किलो, इथवर लिहून झालं. पुढचा प्रश्न होता: गेल्या चार वर्षांत हाडं, सांधे किंवा मणक्याच्या त्रासासाठी डॉक्टरांचा सल्ला अथवा उपचार घेतला आहे का? ओळखीतले एजंट समोर बसले होते. ते म्हणाले, "ताई, इथं ‘नाही’ करा. या वयात गुडघे कुणाचे दुखत नाहीत? लिहिलंत तर फाइल अडकते." मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिला खोटं लिहायचं नव्हतं आणि विमाही हवा होता.

पुढच्या चार वर्षांत जे जे झालं त्याचं मूळ त्या एका रकान्यात आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय. मावशीला विचारून लिहितेय. कंपन्या, दवाखाने, डॉक्टर यांची नावं घेत नाही.

मावशीचा चपाती-भाकरीचा व्यवसाय आहे. रोज पहाटे साडेचारला उठायचं आणि सकाळी अकरापर्यंत दोनशे-सव्वादोनशे नग करून द्यायचे. भाकरी थापायची ओट्याशी उभं राहून, पण पीठ मळणं, भाज्या निवडणं, भांडी घासणं सगळं खाली बसून. अशी पंचवीस वर्षं गेली. काका एका कारखान्यात होते. तिथल्या गटविम्यात दोघांचंही नाव होतं. काका 2019 मध्ये निवृत्त झाले आणि तो विमा संपला. गटविमा संपताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीच्या वर्षांचा वेटिंग पिरियडही (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचे पैसे मिळत नाहीत तो काळ) धरला जातो, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. कारखान्यानं नाही, विमा कंपनीनं नाही, आणि मलाही ठाऊक नव्हतं. याची खंत मला अजून आहे, कारण ती वाट धरली असती तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं. मग 2021 चा एप्रिल-मे आला. शेजारच्या घरात करोनाच्या एका बिलापायी शेत गहाण पडलेलं दोघांनी पाहिलं, आणि विमा घ्यायचाच असं ठरलं.

आता गुडघ्यांविषयी. ऑगस्ट 2018 मध्ये मावशी पहिल्यांदा हाडांच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. झोपून काढलेल्या एक्स-रेत गुडघ्यावर अंगाचा भार नसतो, त्यामुळे दोन हाडांमधली फट आहे त्याहून मोठी दिसू शकते. रिपोर्टात लिहिलं होतं: दोन्ही गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, डावा ग्रेड 3, उजवा ग्रेड 2. ही केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी 1957 मध्ये मांडलेली प्रतवारी. शून्यापासून चारपर्यंत जाते. फट किती कमी झाली, कडेला हाडाचे काटे किती वाढले, यावर ती ठरते. आपल्याकडं लोक म्हणतात "गादी झिजली", "वंगण संपलं". पहिलं खरंच आहे. सांध्यातलं कूर्चेचं अस्तर झिजतं आणि ते पुन्हा भरून येत नाही. मावशीच्या गुडघ्यांची आतली बाजू जास्त झिजली होती, त्यामुळे पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला बाक घेत चालले होते.

विम्याच्या दृष्टीनं मोलाचं होतं ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं. वजन कमी करा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, खाली बसणं टाळा, गरजेपुरती वेदनाशामक गोळी. फेब्रुवारी 2020 मध्ये ती पुन्हा गेली तेव्हाही चिठ्ठी साधारण तशीच होती. "एक दिवस वाटी बदलावी लागेल" असं डॉक्टर तोंडी म्हणाले होते, पण शस्त्रक्रियेचा सल्ला कागदावर नव्हता, कारण तेव्हा तशी गरजच नव्हती. विमा कंपनी या दोन गोष्टींत फार फरक करते. शस्त्रक्रिया सुचवलेली आहे आणि माणूस विमा घ्यायला आला, तर बहुतेक कंपन्या फाइल परत करतात. झीज आहे, पण व्यायाम आणि गोळ्यांवर चाललंय, अशी फाइल त्या निदान उघडून बघतात.

परत त्या दुपारकडं येते. एजंट निरोप घेऊन गेले आणि मी पॉलिसीची कलमं वाचायला बसले. तेव्हा जे हाती लागलं ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पॉलिसीत वेटिंग पिरियडची दोन वेगळी कलमं होती. पहिल्यात ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांची यादी: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, गर्भाशय काढणं, आणि सांधा बदलणं. या यादीला 24 महिने थांबावं लागतं, आणि ते सगळ्यांनाच. गुडघे ठणठणीत असलेल्या माणसानं पॉलिसी घेतली तरी दोन वर्षं त्याला सांधा बदलण्याचे पैसे मिळत नाहीत. (अपघातानं सांधा मोडला तर गोष्ट वेगळी.) दुसरं कलम आधीपासूनच्या आजारांचं. तिथं 36 महिने. आणि एखादी गोष्ट दोन्ही कलमांत बसत असेल, तर त्यातली मोठी मुदत लागू होते.

आता हिशोब मांडा. ‘नाही’ असं लिहिलं तर मावशीला 24 महिने थांबायचं होतं. ‘हो’ लिहिलं तर 36. म्हणजे खोटं बोलून जास्तीत जास्त मिळणार होतं ते बारा महिने. त्या बारा महिन्यांसाठी पणाला काय लागत होतं? गुडघ्याचा क्लेम तर जातोच. माहिती दडवली म्हणून कंपनी अख्खी पॉलिसी रद्द करू शकते, भरलेले हप्ते जप्त करू शकते, आणि मग हृदयविकार असो की कॅन्सर, कशालाच छत्र उरत नाही. एकदा पॉलिसी अशी रद्द झाली की पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर तेही सांगावं लागतं. मी हे मावशीला कागदावर लिहून दाखवलं. ती म्हणाली, "बारा महिन्यांसाठी एवढं? लिही की मग ‘हो’."

आम्ही ‘हो’ लिहिलं. सोबत 2018 चा एक्स-रे रिपोर्ट, दोन्ही चिठ्ठ्या आणि रक्तदाबाच्या गोळीचा कागद जोडला. 2016 पासून ती रक्तदाबाची एक गोळी घेत होती.

पहिल्या कंपनीनं नऊ दिवसांत नकार दिला. पत्रात एकच ओळ, अंडररायटिंगच्या (विमा द्यायचा की नाही हे ठरवण्याच्या) निकषांत बसत नाही. दुसऱ्या कंपनीतून फोन आला, पॉलिसी देऊ, पण गुडघे कायमचे वगळून. मावशी त्यालाही तयार झाली होती. मी म्हटलं, हे लेखी द्या. कारण 2019 मध्ये विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, कोणते आधीचे आजार कायमचे वगळता येतील याची यादीच ठरवून दिली होती. तीत अपस्मार, दीर्घकालीन मूत्रपिंडाचे आजार, पार्किन्सन वगैरे होते. ऑस्टिओआर्थ्रायटिस नव्हता. हाडांशी संबंधित एक आजार मात्र होता: अवॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरणं. हा बहुधा खुब्यात होतो, पण गुडघ्यातही होऊ शकतो. त्यामुळे रिपोर्टात नेमका कोणता शब्द आहे हे एकदा डॉक्टरांसमोर बसून वाचून घ्यावं. झीज आणि नेक्रोसिस हे दोन आजार वेगळे, आणि विम्यात त्यांचं भवितव्यही वेगळं. दुसऱ्या कंपनीचं लेखी उत्तर काही आलं नाही.

तिसऱ्या कंपनीनं आधी फोनवर डॉक्टरांकरवी प्रश्न विचारले. जिना चढता येतो का, रात्री दुखून जाग येते का, इंजेक्शन घेतलंय का, चालताना काठी लागते का. मावशीनं सगळं खरं सांगितलं. मग रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी झाला. तीन आठवड्यांनी त्यांचा प्रस्ताव आला: 5 लाखांचं छत्र, गुडघे आणि रक्तदाबाला 36 महिन्यांचा वेटिंग पिरियड, आणि वजन-रक्तदाबापायी 15 टक्के लोडिंग, म्हणजे मूळ हप्त्यावर वाढ. मूळ हप्ता 16,400. लोडिंग धरून 18,860. त्यावर तेव्हाचा 18 टक्के जीएसटी. एकूण 22,255 रुपये. असा वाढीव हप्ता कंपनी परस्पर लावू शकत नाही, आपली लेखी संमती घ्यावी लागते. मावशीनं दोन दिवस विचार केला आणि सही केली. पॉलिसी हातात आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते सोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत उघडण्याचं. गुडघ्यांसमोर ‘हो’ छापलंय ना, हे बघितलं. एजंट किंवा कॉल सेंटर फॉर्म भरतं तेव्हा आपण सांगितलेलं आणि छापलेलं एकच असतं असं गृहीत धरू नये.

पुढची तीन वर्षं गुडघ्यांसाठी विम्याकडून एक रुपया मिळणार नव्हता, हे ठाऊक होतं. फिजिओथेरपी, गोळ्या, 2022 मध्ये घेतलेलं वंगणाचं इंजेक्शन, सगळं खिशातून झालं. तसंही दवाखान्यात दाखल न होता केलेला खर्च साध्या पॉलिसीत येत नाहीच. मावशीनं हा काळ वाया घालवला नाही. पीठ मळायला टेबल करून घेतलं, भांड्यांना बाई लावली, भाजी निवडायला उंच स्टूल आलं. रोज खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजायचा व्यायाम. दोन वर्षांत वजन 74 चं 67 झालं. डावा गुडघा तरीही बिघडत गेला. झीज थांबत नाही, पण उजव्याला त्या सगळ्याचा गुण आला असं फिजिओथेरपिस्टचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

सप्टेंबर 2023 मध्ये तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, चार दिवस दाखल करावं लागलं, बिल 46,000. दवाखाना कंपनीच्या यादीत नव्हता, म्हणून आधी भरून मग क्लेम केला. आणि इथं तो रकाना पुन्हा समोर आला.

दाखल करताना रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरनं विचारलं, आधीचा काही त्रास? तापानं फणफणलेली मावशी म्हणाली, "गुडघं दुखत्यात, झाली की दहा वर्षं." त्यानं केसपेपरवर लिहिलं: दोन्ही गुडघ्यांचा संधिवात, 10 वर्षांपासून. डिस्चार्ज समरीतही तेच उतरलं. कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, म्हणजे टीपीएचं, पत्र आलं: 2013 पासूनचा आजार असताना प्रपोजल फॉर्ममध्ये 2018 का लिहिलं? पहिल्या तपासणीचे कागद पाठवा.

डेंग्यूचा गुडघ्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही राग आला होता. पण कंपनी बघत होती ती माहिती दडवली की काय हे. आमच्याकडं उत्तर होतं. दुखणं जुनं असेल, निदान 2018 चं आहे. पॉलिसीतली आधीच्या आजाराची व्याख्यासुद्धा निदान, वैद्यकीय सल्ला आणि उपचार यांवर बेतलेली असते. दुखायला कधी लागलं यावर नसते. पहिल्या चिठ्ठीची प्रत पाठवली. हाडांच्या डॉक्टरांनी दोन ओळींचं पत्र दिलं की यापूर्वी रुग्ण याच तक्रारीसाठी कुणाकडं गेल्याची नोंद नाही. पाच आठवड्यांनी पैसे जमा झाले. त्या दुपारी ‘नाही’ लिहिलं असतं तर या पत्राला आमच्याकडं उत्तरच नसतं, आणि डेंग्यूच्या 46 हजारांसाठी पॉलिसीच गेली असती. तेव्हापासून मावशी कुठल्याही दवाखान्यात गेली की सांगते, "दुखायलंय लई दिवस, पण डॉक्टरनं सांगितलं 2018 साली." आणि केसपेपरवर काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावते.

त्याच वर्षी नूतनीकरणात छत्र 5 वरून 7.5 लाखांवर नेलं. वाढवलेल्या अडीच लाखांना वेटिंग पिरियड पहिल्यापासून लागतो, म्हणजे गुडघ्यांसाठी ते ऑक्टोबर 2026 पर्यंत बंद. मूळच्या 5 लाखांचे 36 महिने मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये पुरे झाले.

तोवर डावा गुडघा ग्रेड 4 ला पोचला होता. फट जवळपास संपली होती. रात्री कूस बदलताना ती कळवळायची. आता शस्त्रक्रियेचा सल्ला कागदावर आला आणि जानेवारी 2025 ची तारीख ठरली.

दवाखान्यानं दोन पर्याय दिले, नेहमीची पद्धत किंवा रोबोटच्या मदतीनं. दुसऱ्याला साठ हजार जास्त. पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा होती, हे आम्ही आधीच वाचून ठेवलं होतं. सर्जनना सरळ विचारलं की तुमच्या हातून कोणत्या पद्धतीनं जास्त झाल्यात. त्यांनी नेहमीची सांगितली, तीच ठरली. खोली निवडतानाही पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा धरून निवडली. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फक्त भाड्याचा फरक द्यावा लागतो असं बहुतेकांना वाटतं. पण बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीनं दवाखान्याला परस्पर द्यावं याची, विनंती चार दिवस आधी गेली. टीपीएनं सगळ्यात जुना एक्स-रे आणि पहिली चिठ्ठी मागितली. दोन्ही प्रपोजलसोबत 2021 मध्येच दिलेले होते. त्याच संध्याकाळी पुन्हा पाठवले, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

बिल झालं 2,31,000. कंपनीनं 2,19,660 दिले. जे 11,340 आम्हाला भरावे लागले त्यात वॉकर, गुडघ्याचा ब्रेस, हातमोजे, दाखल होतानाचं किट अशा वस्तू होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला वॉकर आणि ब्रेस लागणारच. तरी नियामकाच्या न देण्याच्या वस्तूंच्या यादीत दोन्ही आहेत. हे मला अन्याय्य वाटतं आणि बदलायला हवं असंही वाटतं. कृत्रिम सांध्याची किंमत मात्र आवाक्यात राहिली. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या सांध्याला जीएसटी वगळून 54,720 रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याआधी हाच सांधा सरासरी दीड लाखाच्या वर जायचा. सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर आणि बिल क्लेमला लागतं. ते केसपेपरवर चिकटवलंय ना हे डिस्चार्जआधी बघून घेतलं. पुढच्या 60 दिवसांतल्या फिजिओथेरपीचे पैसेही, बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पाठवल्यावर, मिळाले.

दोन्ही गुडघे एकदमच का केले नाहीत, असं बरेच जण विचारतात. सर्जन म्हणाले, उजवा अजून ग्रेड 3 आहे, घाई नको. आणि गुडघ्यासाठी वापरता येणारं छत्र त्या वर्षी 5 लाखांचंच होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये नवं विमावर्ष लागलं तेव्हा ते पुन्हा भरलं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे त्या नूतनीकरणात ती रक्कम पहिल्यांदा आकारली गेली नाही. मावशी आता साठीची झाली आहे. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हा जानेवारी 2025 चा आदेश तिला आता लागू होतो.

मावशी 2021 ऐवजी आज फॉर्म भरायला बसली असती तर काही गोष्टी सोप्या गेल्या असत्या. एप्रिल 2024 पासून आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड कुणालाच 36 महिन्यांहून जास्त लावता येत नाही. त्याआधी ही मर्यादा 48 महिन्यांची होती, आमची कंपनी तेव्हाही 36 लावत होती म्हणून निभावलं. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागायची. 65 नंतर पॉलिसीच नाही, ही वयाची अटही गेली. पॉलिसी आल्यावर वाचून पटली नाही तर परत करायला 30 दिवस मिळतात. क्लेम नाकारला आणि कंपनीच्या तक्रार कक्षानं दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडं वर्षाच्या आत जाता येतं. तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही. आणि घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल, तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. काकांना ते आणखी चार वर्षांनी मिळेल.

पहिल्या कंपनीनं का नाकारलं हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. तो नकार आम्ही तिसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर लिहिला होता. तसा प्रश्न फॉर्ममध्ये असतो आणि त्याचंही खरं उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नयेत असं मला वाटतं. एका ठिकाणचं उत्तर येऊ द्यावं, मग पुढं जावं.

मावशीच्या कपाटात आता दोन जाड पाकिटं आहेत. ‘डावा’ लिहिलेलं दोरीनं बांधून ठेवलंय. ‘उजवा’ लिहिलेलं उघडंच आहे. त्यात गेल्या आठवड्यातला उभं राहून काढलेला एक्स-रे आहे आणि त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात ग्रेड 3, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मावशी सध्या रोज दीडशे भाकऱ्या करते. थोड्या उभ्यानं, थोड्या स्टुलावर बसून.